दोरी सोडल्याचं कारण

रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलपाशी दोरी होती, दोरी धरणारा नव्हता. मी आत वाकून हाक मारली.

"हां, बोला," आतून हेमंतचा आवाज आला. "दत्तूकाका कुठे गेले? मी मघापासून एकटाच बडबडतोय."

मी दोरी उचलली, त्याला वर घेतलं आणि काम थांबवलं. त्याला खरचटलंही नव्हतं. आमच्या भाषेत याला नियर मिस म्हणतात. अपघात झालेला नसतो, पण तो टाळल्याचं श्रेय कुणालाच देता येत नाही.

मी रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन मजली उंचीचं बंद स्टीलचं पिंप. त्यात रसायनं ढवळली जातात. ढवळायचं पातं बिघडलं की फिटर मॅनहोलमधून आत उतरतो. त्याआधी पिंप धुतात, आतली हवा तपासतात. तरीही हवा कधी विषारी होईल सांगता येत नाही, आणि झाली की माणूस कळायच्या आत कोसळतो. म्हणून त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला दोरी बांधतात आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर एक माणूस बसवतात. त्याला स्टँडबाय म्हणतात. त्याने दोरी धरायची, आतल्याशी बोलत राहायचं, गडबड वाटली तर बोंब मारायची. लघवीला जायचं असेल तर आधी आतल्याला बाहेर काढायचं, मग जायचं.

दत्तूकाका आमचे सगळ्यात जुने स्टँडबाय. माझ्याच गावचे, लांबच्या नात्याने काका. ते कॅन्टीनमध्ये सापडले. समोर चहा होता, पीत नव्हते.

"काका, दोरी का सोडली?"

"मना नाय जमनार त्याची दोरी धरायला. पोरं हसतान."

पोरं का हसत होती ते मला माहीत होतं. थोड्याच दिवसांपूर्वी कंपनीत सत्यनारायण झाला. त्या दिवशी सगळे घरच्यांना घेऊन येतात. हेमंत उलव्याहून एका चष्मेवाल्या तरुणाला घेऊन आला. कुणीतरी विचारलं, "भाऊ का?" हेमंत म्हणाला, "नाही. घरचे." दोघांनी प्रसाद घेतला आणि गेले. बाकीचं काम पोरांनी केलं. आज तो आत उतरल्यावर वरच्या प्लॅटफॉर्मवरून एकजण ओरडला, "दत्तूकाका, घट्ट धरा हां, गाठ सुटली तर लगीन मोडेल!" काका उठून गेले.

नियर मिस झाला की आम्ही व्हाय-व्हाय करतो. म्हणजे का, का विचारत मुळापर्यंत जायचं. पंप बंद पडला. का? बेअरिंग जळलं. का? तेल नव्हतं. का? तेल घालणारा रजेवर होता आणि बदली कुणी दिला नाही. असं.

आमचे प्लांट हेड साहेब मार्कर घेऊन स्वतः फळ्यापाशी उभे राहिले. लिहिलं: दत्तू जागेवरून गेला. का? हेमंत तसा आहे. का?

इथे ते थांबले.

"हे जन्मजात असतं, सर," एचआरच्या मॅडम म्हणाल्या. "त्यात त्याचा दोष नाही."

"कशावरून? हॉस्टेलला राहून होतं, असंही म्हणतात."

"मी पाच वर्षं हॉस्टेलला होते, सर."

"तुमचं नाही म्हणत हो मी." साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही बी.एस्सी. ना? सांगा. जन्माने की सवयीने?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडील मिठागरात होते. बी.एस्सी. झाल्यापासून गावातले लोक मला ताप, खत, शेअर बाजार, काहीही विचारतात. मला त्याचा अभिमान आहे, त्यामुळे मी शक्यतो नीट माहिती काढून उत्तर देतो.

"एकच असं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही, सर. जन्माआधीच्या गोष्टींचा बराच हात असावा. पण कुणी ठरवून तसं होत नाही. आणि बदलायला गेलं की माणूस मोडतो, आवड बदलत नाही."

"म्हणजे जन्मजात?"

"म्हणजे प्लांटच्या मीटिंगमध्ये ठरण्यासारखं नाही."

साहेबांनी उपाय सांगितला. हेमंतला स्टोअरला बसवायचं. "तात्पुरतं. त्याला त्रास नको, बाकीच्यांनाही नको. यात भेदभाव काही नाही."

"जन्मजात असेल तर भेदभाव होतो, सर," मॅडम म्हणाल्या.

"आणि नसेल तर?"

मॅडम पॉलिसीची फाईल चाळू लागल्या. तिथे माझ्या लक्षात आलं की ही दोघं भांडत नव्हती. हेमंतची जागा त्या एका उत्तरावर अवलंबून आहे, हे दोघांनाही मान्य होतं.

हेमंतला बोलावलं. त्याने फळा वाचला. "साहेब, तुम्हाला बाई आवडते. त्याचं कारण काय?"

"ते नॉर्मल..."

"ते नाही विचारलं. कारण."

साहेबांनी मार्करला टोपण लावलं.

"स्टोअरला बसून मी नटबोल्ट मोजणार नाही," हेमंत म्हणाला. "हे काम मी शिकलोय. पाठवलंत तर राजीनामा देतो. टाकीला मी घाबरत नाही. बाहेर बसलेला बसून राहील की नाही, एवढंच मला कळायला हवं."

मी उठून फळ्यावरचं हेमंतचं नाव पुसलं. "सर, घटना दोरी सोडल्याची आहे. आपण हेमंतची चौकशी करत बसलोय." आणि दत्तूकाकांना बोलावून घेतलं.

"काका, मागे परशा टाकीत उतरला होता तेव्हा दोरी कुणी धरली होती?"

"मीच."

परशा त्यांचा सख्खा चुलतभाऊ. सरकारने जमिनी घेतल्या त्या बदल्यात गावाला त्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत मिळाले. त्या वाटणीवरून दोघं कोर्टात आहेत. लग्नात एक मांडवाच्या या टोकाला बसतो, दुसरा त्या.

"परशा नीच हाय," काकांनी न विचारता सांगितलं.

"तरी धरलीत."

"मंग? काम हाय ते. आत मानूस हाय."

"हेमंतने तर तुमचा प्लॉटही घेतलेला नाही."

"मी त्याला शिवी दिली का? हात लावला का? मंग भेदभाव कसा?"

"परशाला शिव्या देता, पण दोरी सोडत नाही. हेमंतला शिवी दिली नाही आणि दोरी सोडली. तुमच्या मनात काय आहे ते मी तपासत नाही, काका. मी दोरी तपासतो."

"चार बुकं शिकलास म्हनून आमाला शिकवतोस?"

"हो. पगार त्याचाच आहे."

मग व्हाय-व्हाय नीट झालं. दत्तू उठला. का? पोरं हसली. का? सुपरवायझरने थांबवलं नाही, तोही हसत होता. का? पूजेच्या दिवशी याच विषयावर साहेब हसले होते, ते त्याने पाहिलं होतं. हे मी सांगितलं. साहेबांनी शेवटचं उत्तर लिहिलं: ट्रेनिंगचा अभाव. बहुतेक व्हाय-व्हाय शेवटी तिथेच येऊन थांबतात.

हेमंत जागेवर राहिला. सुपरवायझरला आणि काकांना मेमो मिळाला, काकांचं स्टँडबायचं काम काही महिन्यांपुरतं काढून घेतलं. ट्रेनिंग सगळ्यांना झालं. साहेब पहिल्या रांगेत होते.

काका पुन्हा स्टँडबायला लागले तेव्हा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "त्याची दे मना. धरतो."

मी हेमंतला विचारलं. तो म्हणाला, "काकांना सांगा, राग नाही. पण मी आत असताना ते नकोत."

मी जसंच्या तसं सांगितलं. काकांना लागलं. "आता तो करतो त्यो भेदभाव नाय का?"

"नाही, काका. तुम्ही कोण आहात यावरून तो ठरवत नाही, तुम्ही दोरी सोडलीत यावरून ठरवतो."

हेमंतला मी दुसरा स्टँडबाय दिला. काका बाकीच्यांच्या दोऱ्या धरतात, आणि चांगल्या धरतात.