डाव्या पायातला नवा बूट

ढोमणेकाकांच्या दोन्ही पायांत सारखे बूट मी कधीच पाहिले नाहीत. डाव्यात नवा, उजव्यात जुना. डावा कधी निळा, कधी पोपटी. उजवा मात्र कायम तोच, पोलादाच्या प्लांटमधला काळा सेफ्टी शू, बोटांवर लोखंडी टोपी असलेला. वैशाली नगरच्या आमच्या गल्लीतून ते सकाळी असे निघाले की नवे भाडेकरू एकमेकांना कोपरानं ढोसायचे. म्हातारा सरकला आहे, असं त्यांचं ठाम मत. मीही लहानपणी तोंड दाबून हसलो आहे. एकदा त्यांनी मला कॉलरला धरून थांबवलं.

"कावून हसून राहिला बे? माणूस एक, रस्ता एक, दिवस एक. मंग दोन बुटांतला फरक पाय सांगते. नाही त दुकानदार सांगते. तुले कोणाचं आयकायचं आहे?"

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी प्लांटच्या स्टोअरमध्ये एकच काम केलं: कामगारांना वाटायचे बूट तपासणं. निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही, पण पाय होते. टाउनशिपमधल्या कुणीही नवे बूट घेतले की तो आधी काकांकडे आणायचा. काका बूट टॉवेलासारखा पिळून बघत, टाच अंगठ्यानं दाबत, बादलीत बुडवून किती वेळात निथळतो ते पाहत, आणि शेवटी नाकाशी नेऊन वास घेत. मग डाव्या पायात चढवत; दुकानात नवं काही आलं की पेन्शनीतून स्वतःही घेत. एकदा सुपेल्याच्या दुकानात एका पोरानं त्यांना ऐकवलं, "अंकल, एकदम बादल पे चलने जैसा फील आएगा." काकांनी बूट परत खोक्यात ठेवला. "बेटा, बादल पे मरने के बाद चलूंगा. अभी मुरूम पे चलना है."

काकांचा एक ठेवणीतला विनोद होता. प्लांटकडून बूट मिळायचे ते वर्षाकाठी एक जोड, आणि चिठ्ठीवर नंबर कामगारानं स्वतः लिहायचा. कित्येक बाप स्वतःच्या नंबराऐवजी पोराचा नंबर लिहीत आणि आपण जुनेच झिजवीत. मापाचा फरक पडला तर पुढे कापूस कोंबायचा, ही आमच्या घराघरातली रीत. काका म्हणायचे, "ज्या साली पोट्टं दहावीत जाते, त्या साली बापाचा पाय बदलते. डॉक्टरले विचारा, कोणाले कळणार नाही. मले कळते." सगळे हसायचे. काकाही.

आता आमच्याकडच्या धावण्याच्या क्लबाविषयी. रविवारी पहाटे एकसारखे टी-शर्ट घालून फोटो काढणाऱ्यांचा हा क्लब. फोटो झाल्यावर थोडं धावतातही. माझी धाकटी बहीण वर्षा त्यात होती, आणि ती मात्र खरंच धावायची. दिवसभर एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसून लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवणाऱ्या मुलीला स्वतःचं असं एवढंच होतं. दल्लीकडच्या टेकड्यांवर क्लबाची शर्यत होती. मुलींतल्या पहिल्या तिघींना बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या डोंगरशर्यतीला नेणार होते. वर्षा त्या एका गोष्टीसाठी वर्षभर पहाटे उठत होती.

त्यातच एका बूट कंपनीनं क्लबाला दहा जोड दिले. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिची एकदा फुकट जाहिरात झाली माझ्याच हातून, तेवढी पुरे. टेकडीवर धावायचे हलके बूट. दहा धावपटूंनी ते महिनाभर वापरायचे आणि कामगिरी कशी, आराम कसा, हे फॉर्मवर भरून द्यायचं. तो फॉर्म मी वाचला आहे. 'धावताना तरंगल्यासारखे वाटते का?' पर्याय तीन: खूप, फार खूप, अतिशय. नाही म्हणायला चौकोनच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात वर्षाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली. ती बादलीत पाय बुडवून बसली होती, मी पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं. मला तेव्हा एकच काम येत होतं: पत्रक. कंत्राटी कामगारांसाठी, नळाच्या पाण्यासाठी, बससाठी मी पत्रकं काढत आलो होतो, आणि राग आला की माझा हात आपोआप कागदाकडे जायचा. मथळा दिला, 'बूट की बेडी?' खाली लिहिलं, 'कामगारांच्या लेकींच्या पायांवर कंपनीचे प्रयोग! क्लबाच्या दलालांनो, उत्तर द्या!'

"दादा, नको न लिहू," वर्षा म्हणाली.

"तू घाबरू नको."

"घाबरत नाही आहे. पण नको लिहू."

मी ते ऐकलं नाही. अन्याय झालेली माणसं आधी नाहीच म्हणतात, असं आम्हाला संघटनेत शिकवलेलं. पाचशे प्रती काढल्या. सुपेला चौकात वाटल्या, पावर हाउस स्टेशनच्या पायऱ्यांवर वाटल्या, क्लबाच्या लोकांच्या गाड्यांच्या काचेवर खोचल्या. दुसऱ्याच दिवशी क्लबाच्या सेक्रेटरीचा फोन आला. "भाईसाहब, आपकी बहन को हमने जूता दिया, आपने हमको ही जूता मार दिया. नाम काट दिया है उसका. अब पर्चे पर दौड़ाइए."

वर्षाला मी ते सांगितलं. पहाटेचा गजर तेवढा तिनं बंद करून टाकला.

मी तो जोड पिशवीत घालून काकांकडे गेलो. टाउनशिपमध्ये बुटाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी लिहून दिलं असतं तर क्लबाची बोलती बंद झाली असती.

"या, पत्रकवाले!" काका ओट्यावरूनच ओरडले. "वाचलं म्या. लय आगलावू लिहिते तू. बूट घालून पाह्यला होता का?"

"त्यात घालून काय पाहायचं? तिची नखं दिसत नाहीत का?"

"म्हंजे पत्रक पहिले, पाय मागून." त्यांनी डावा बूट काढून घेतला, पिळला, दाबला, आत हात घालून पंज्यापर्यंत चाचपला. चाचपताना बोटं जरा थांबली. मग पायात चढवून उभे राहिले. "बसला," ते म्हणाले आणि माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता. "पंधरा दिवस दे."

"काका, रेस तीन आठवड्यांवर आली! तुम्ही नुसतं लिहा, बूट बेकार आहे."

"बेकार असन त बेकार लिहीन. चांगला असन त चांगला लिहीन. तुया रागाचा नंबर किती, हे मले विचारायचं नाही आहे."

पुढचे पंधरा दिवस मी जळत होतो आणि काका चालत होते. भाजीवालीच्या तराजूत त्यांनी एका पारड्यात सेफ्टी शू टाकला, दुसऱ्यात हा बूट, आणि बरोबरी होईपर्यंत बुटात बटाटे भरले. ती बाई छत्तीसगढीत ओरडली, "बबा, आलू मं पनही के बास आ जाही!" काका म्हणाले, "वास आला त मीच घेतो ते आलू." पनहीचा, म्हणजे बुटाचा, वास लागलेले ते बटाटे त्यांनी खरंच घरी नेले आणि उकडून खाल्ले. मरोदा तलावाच्या बांधावर ते रोज चढायचे आणि उतरायचे, डावा पाय नवा, उजवा जुना. वर जाताना गप्प. उतरताना दर दहा पावलांवर थांबून बोटं हलवायची. सांडव्याजवळच्या ओल्या दगडावर डावाच पाय ठेवून रेटून पाहायचे. एक दिवस मी सोबत गेलो. अर्ध्या उतारावर माझ्या चपलेची तार तुटली आणि मी बसकण मारली.

"साऱ्या जगाच्या बुटाची काळजी आहे याले," काका बांधावरच्या गुराख्याला मोठ्यानं सांगू लागले, "अन् स्वतःच्या चपलीले तार!"

पंधराव्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. हातात रेघांचा कागद. बाबा खाटेवर बसले होते, त्यांचा अधू पाय नेहमीसारखा पुढे पसरलेला. काकांनी चष्मा लावला आणि स्टोअरमधल्या आवाजात वाचलं:

"वजन हलकं. दिवसभर घातला तरी पोटरी भरत नाही. पंजा रुंद, बोटं मोकळी. टाच घट्ट. सुक्या मुरमावर पकड चांगली. ओल्या दगडावर घसरते, जपून राहावं. पाणी लवकर निथळते. उतारावर बोटं पुढं आपटत नाहीत. बूट चांगला आहे. दोष एक." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ज्या पायाचा म्हणून मागितला, तो पाय यात नाही."

मी उसळलो. "काका, तिची नखं..."

"तू चूप. वर्षे, इकडं ये. पाय ठेव."

त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, तिचं पाऊल त्यावर ठेवलं, शेजारी बूट. पाऊल संपलं तरी बूट पुढे उरला होता, चांगला दोन बोटं. मग काकांनी खिशातून चिमूटभर काहीतरी काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. कापसाची पुंजकी.

"हे पंज्यात होतं. ढिल्या बुटात उतारावर पाय पुढं सरकते अन् नख आपटते. बूट माह्या पायात बराबर बसला न, तवाच कळलं. माहा नंबर आठ आहे. तुया किती?"

वर्षा खाली पाहत होती. "सहा."

"मंग फॉर्मवर आठ कावून लिहिलं?"

"दादाचा आठ आहे," ती म्हणाली. "रेस झाली की त्यालेच द्यायचे होते. तो स्वतःले काही घेतच नाही. चप्पल घे म्हटलं त म्हणते, तेवढ्यात पत्रकाचा कागद येते." मग एकदम वर पाहून म्हणाली, "मी म्हटलं होतं न तुले, नको लिहू म्हणून!"

मी पत्रकात 'दलालांनो, उत्तर द्या' असं लिहिलं होतं. उत्तर माझ्याच घरात, पायाला हळद लावून बसलं होतं.

मला वाटलं, इतकं पुरे. काकांना वाटलं नाही. ते बाबांकडे वळले. "मनोहर, तू सांगते का मी सांगू?"

"राऊ दे न ढोमणे."

"नाही राहू देत. यानं तुया पायावर दोन पत्रकं लिहिली आहेत." मग मला म्हणाले, "तुया दहावीच्या साली तुया बापाचा पाय नवाचा सहा झाला. चिठ्ठी माह्यापाशी आली. म्या हासलो अन् सही केली. नवे बूट तू घालून शाळेत गेला. हा जुनेच घालून राहिला, तळ पार घोटीव झालेला. सायकल स्टँडच्या उतारावर पाणी सांडलं होतं. तिथं हा पडला. दोषी शोधून राहिला होता न तू? सही माही होती. हासून केलेली."

बाबा भिंतीकडे पाहत होते. त्या पायावर मी खरंच दोन पत्रकं लिहिली होती, आणि दोन्हींत गुन्हेगार वेगळे होते. बापाला कधी विचारलं नव्हतं, बाबा, त्या दिवशी तुमच्या पायात काय होतं?

"आता काय करू?" मी विचारलं.

"जितक्या लोकांले ते वाटलं, तितक्याच लोकांले हे वाट. अन् तोंड लपवून नाही. त्याच चौकात."

वाटलं. मथळा काकांनीच सांगितला: 'बूट न घालता लिहिले होते.' खाली काकांचा अहवाल, अक्षर न बदलता. सुपेला चौकात ओळखीचे लोक कागद घेऊन हसले, एका रिक्षावाल्यानं दोन मागून घेतले, बायकोला दाखवायला म्हणून. आयुष्यात मी इतकं लाजिरवाणं काम केलेलं नाही, आणि माझं दुसरं कुठलंच पत्रक लोकांनी इतकं पूर्ण वाचलेलं नाही.

तो कागद घेऊन काका सेक्रेटरीकडे गेले. क्लबाला त्यांचा शब्द हवाच होता. काकांची अट एकच: वर्षाचं नाव परत, आणि सहा नंबरचा जोड. सेक्रेटरी पाघळला. माणूस इतका पाघळला की शर्यतीच्या दिवशी काकांचा फोटो असलेला हातभर बॅनर लागला, 'हलका! मोकळा! बूट चांगला आहे!' ओल्या दगडाचं वाक्य गायब. मी म्हटलं ना, फॉर्मवर चौकोनच नव्हता. मी चिडून पेन शोधू लागलो. काकांनी माझा हात धरला, खुर्ची मागवली, आणि आपल्याच फोटोखाली बसून निघणाऱ्या प्रत्येक धावपटूला सांगू लागले, "चांगला आहे, पण वल्यावर घसरते. नाल्यात चालत जा." लोक हसून पुढे पळाले. एका पायात निळा, एका पायात काळा बूट घातलेल्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतो?

वर्षानं ऐकलं. नाल्यातल्या दगडांवरून ती चालत गेली. तिच्या पुढच्या दोघी तिथंच घसरून बसल्या, लाल मातीनं कपडे भरून. ती तिसरी आली. सेक्रेटरीनं तिच्या गळ्यात पदक घालताना माझ्याकडे पाहिलं नाही, उपकारच केले. त्या मोठ्या शर्यतीला ती जाऊन आली. कितवी आली ते विचारू नका, ती स्वतः हसून सांगते तेव्हाच ऐकण्यासारखं आहे.

आठ नंबरचा जोड क्लबानं परत घेतला नाही, डावा झिजला म्हणून. काकांनी तो माझ्या पुढ्यात टाकला. "घे. बहिणीनं तुयाचसाठी मागतला होता. आता बूट घालून बोंबल."

काका मागच्या हिवाळ्यात गेले. शेजारच्या बायकांनी पलंगाखालून एकेक जोड बाहेर काढला, तेव्हा भिंतीशी रांग लागली: प्रत्येकातला डावा झिजलेला, उजवा कोराच. एक शहाणा म्हणाला, म्हाताऱ्यानं किती नासाडी केली. सेफ्टी शू मात्र एकच होता, उजवा. तो आम्ही त्यांना नेताना पायातच राहू दिला.

मी आता त्यांनी दिलेला जोड घालतो. काका पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत, त्यामुळे डाव्याचा तळ तिथं घासलेला आहे. चौकात पत्रकं वाटत उभा राहिलो की थोड्या वेळानं माझा डावा पाय आपोआप बाहेर कलतो, आणि हातातला कागद पुढे करण्याआधी मी तो स्वतः एकदा वाचतो.