नाव सांगा, गाव सांगा

अकरावी म्हणजे दहावीचा दम खायचं वर्ष, अशी आमच्या शाळेतल्या मुलांची पक्की समजूत होती. ती मोडून काढायला मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक जादा तास घ्यायचे. शाळा सुरतेच्या उधन्यातली, मराठी माध्यमाची. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर, नाहीतर पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये. आया घरी बसून साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या. बारावीनंतर काय करणार, असं विचारलं की वर्गातून एकच उत्तर यायचं, "बघू." त्या "बघू"चा मला भारी राग यायचा. माझ्या रागाला मुलं घाबरायची नाहीत ही गोष्ट वेगळी.

त्या तासाला अभ्यासक्रम वगैरे काही नव्हता. सही एकच असते आणि ती रोज तशीच करायची असते, एवढं शिकवायलाच दोन शनिवार जायचे. एका पोराने सहीखाली फुलांची वेल काढली होती. बँकेत पैसे काढताना रोज बागकाम करणार का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, पैसे असतील तर करेन. मग फॉर्म भरायची सवय, तीही पेन्सिलीने. मग बसने जाऊन एखादं कॉलेज बघून यायचं. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती सपासप बोलणारी ही पोरं कॉलेजच्या फाटकाशी पोचली की तिन्ही भाषा विसरायची. मी मुद्दाम मागे रसाचा ग्लास घेऊन उभी राहायचे आणि त्यांना आत जाऊन चौकशी करायला लावायचे. फार मजा यायची. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर मला परीक्षा, तपासणी, पटावरची संख्या यातलं काही म्हणता काही आठवत नाही. ते शनिवार मात्र रोज आठवतात.

पहिल्या शनिवारचा एक रिवाज होता, आणि तो माझ्या हौसेचा होता. प्रत्येकाने उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात आधी नाव, मग गाव सांगायचं. नाव सांगताना पुटपुटणारी पोरंसुद्धा गाव सांगताना ताठ व्हायची. शिंदखेडा, पारोळा, साक्री, दोंडाईचा. मधूनच एखादं जालन्याकडचं. मी स्वतः अमळनेरची. लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा या शहरात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं, आणि ती नावं ऐकताना मला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं. कुणी चुकून "उधना" म्हणालं की मी हसायचे. "अरे, उधना हे काय गाव आहे का? बापाचं गाव सांग." वर्ग हसायचा, पोरगं लाजायचं आणि बापाचं गाव सांगायचं. अशी मी वीस-बावीस वर्षं त्यांच्याकडून त्यांची गावं घोकून घेतली.

त्यातल्याच एका वर्षी शिंदखेड्याकडची एक मुलगी वर्गात होती. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. सगळे "बघू" म्हणत होते तेव्हा ती म्हणाली, "नर्स." का, असं मी विचारलं. तिने हळूहळू सांगितलं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आठ दिवस वॉर्डात होती. तिथल्या निम्म्या बायका आपल्याकडच्या. दुखतं कुठे ते त्या अहिराणीत सांगायच्या, सिस्टरला कळायचं नाही, आणि सिस्टर गुजरातीत ओरडायची ते यांना कळायचं नाही. आठवी-नववीतली ही पोर या खाटेवरून त्या खाटेवर दोन्हीकडचं सांगत फिरली होती. मला तेव्हाच कळलं की ही होणार. नर्सिंगच्या डिप्लोमाला आर्ट्सवालीलाही घेतात हे मी शोधून काढलं, आणि वर्षभर तिच्या मागे हात धुऊन लागले. तिच्या वडिलांचं म्हणणं साधं होतं. नंबर लागला तर शिक. नाही लागला तर आईबरोबर साड्यांना बस, पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, स्थळ बघू. ते वाईट नव्हते. त्यांच्या बोलण्यात फक्त दुसरी संधी हा प्रकार नव्हता.

बारावीला तिने चांगले गुण मिळवले. निकाल लागला आणि मी निर्धास्त होऊन भाच्याच्या लग्नाला अमळनेरला गेले. मे महिन्यात अर्धं उधना खानदेशातच असतं, त्यात मीही. जाताना तिला सांगून गेले की फॉर्म तुझा तू भर, दोन वर्षं शिकवलंय ते काय लोणचं घालायला?

परत आले त्याच दुपारी ती दारात उभी. प्रवेशाच्या कचेरीत कागद तपासताना तिला सांगितलं होतं, तुझा जन्म महाराष्ट्रातला, कायमचा पत्ता महाराष्ट्रातला, तू बाहेरच्या राज्याची धरली जाशील. सुरतेत दहा वर्षं राहिल्याचे पुरावे दे, रहिवासी दाखला काढ आणि आठ दिवसांत आणून लाव. त्यातले दोन दिवस माझी वाट बघण्यात गेले होते. मी फॉर्मची प्रत हातात घेतली. जन्मस्थळ, आईच्या माहेरचं खेडं. ते खरंच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. पण खाली कायमचा पत्ता म्हणून तिने सुवाच्य अक्षरात वडिलांचं गाव लिहिलं होतं. तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे.

माझं डोकंच फिरलं. प्रवासाचा शीण होता, आणि दोन वर्षांची मेहनत त्या एका ओळीत बुडताना दिसत होती. मी दारातच तिला फाडफाड बोलले. त्या गावात सलग पंधरा दिवस तरी राहिली आहेस का कधी? तिथे तुझं घर कुठे आहे हे तरी सांगता येईल का? अक्कल गहाण ठेवली होती का?

तिने ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाली, "बाई, तुम्हीच तर उभं करून विचारायचात."

मी तिला आत घेतलं. ती उद्धटपणे बोललेली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की कागदावर विचारलं तेव्हा माझ्या वर्गात द्यायचं तेच उत्तर द्यायचं असतं. उधना हे काय गाव आहे का, असं हसून म्हणणारी मीच. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी नोकरीत कधीच वाटली नाही.

मग आमची धावपळ सुरू झाली, आणि तेव्हा मला कळलं की हे कुटुंब सुरतेत राहतं पण कागदावर कुठेच नाही. रेशनकार्ड गावी, का तर इथे आणलं तर तिथलं नाव कापलं जाईल. मतदान गावी. सुरतेत वीस वर्षांत पाच खोल्या बदललेल्या, एकीचंही लाइटबिल यांच्या नावाचं नाही. मी घरमालकाकडे गेले. भाडेकरू कागद मागतो म्हणजे खोली बळकावतो, असं त्याचं गणित होतं. त्याने मला चहा पाजला आणि कागद द्यायचं टाळलं. शाळेने दाखला दिला तो नववी ते बारावीचा, म्हणजे चार वर्षांचा. आधीच्या शाळा दोन. त्यातली एक दुसरीकडे हललेली, आणि सुट्टीत तिथे कुलूप. चार दिवस उरले होते.

वडील म्हणाले, जाऊ द्या बाई, नशिबात नाही. मला त्यांचाही राग आला, पण बोलायला तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीची आई माझ्या घरी आली. आधी कधी आली नव्हती. बोटांना साडीवरच्या खड्यांचा गोंद तसाच लागलेला. तिच्या हातात जुन्या साडीची शिवलेली पिशवी होती. ती तिने माझ्या फरशीवर रिकामी केली. पहिलीपासून बारावीपर्यंतची सगळी प्रगतिपत्रकं. लसीचं कार्ड. शिवजयंतीच्या भाषणाचं प्रमाणपत्र. पाचव्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हाचा दवाखान्याचा कागद. शाळेच्या सहलीची पावती. एकही कागद दुमडलेला नाही.

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढं सगळं का जपून ठेवलं, असं विचारलं. ती ओशाळून म्हणाली, "माले वाचता येस नही, बाई. कोनता कागद फेकाना, कोनता ठेवाना, माले काय समजस? म्हनीसन सम्दा ठेवात."

मी शिकली-सवरलेली बाई. शनिवारी पोरांना कागदपत्रांवर व्याख्यानं देणारी. माझ्या स्वतःच्या मुलाची प्रगतिपत्रकं मी रद्दीत घातलेली. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले. मी वर्ष वाचायचे, ती कागद त्या जागी ठेवायची. लसीचं कार्ड सगळ्यात आधी आलं. अडीच महिन्यांची असताना सुरतेच्या आरोग्य केंद्रात टोचलेलं. सव्वा महिना माहेरी काढून ती लेकीला घेऊन उधन्याला उतरली होती, आणि तेव्हापासून एकही वर्ष रिकामं नव्हतं.

रहिवासी दाखल्याच्या कचेरीत आम्ही तिघी गेलो. समोरच्या बाईंनी सगळी थप्पी एकेक करून बघितली, घाई केली नाही. शेवटी लसीचं कार्ड हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बेन, आ छोकरी तो सुरतनीज छे." ही तर सुरतेचीच मुलगी. आईने मला विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगायच्या आत मुलीनेच अहिराणीत सांगितलं. दाखला मुदतीच्या शेवटच्या दिवशी हातात पडला. नंबर लागला.

पुढच्या जूनपासून माझ्या पहिल्या शनिवारचा रिवाज बदलला. नाव सांगा, गाव सांगा आणि मग, राहणार कुठले ते सांगा. "राहणार उधना, सुरत" हे त्याच खणखणीत आवाजात. शिवाय प्रत्येकाने एक पिशवी करायची, आणि आपलं नाव आणि सुरत हे दोन शब्द ज्यावर आहेत तो कागद मेलात तरी फेकायचा नाही. "बाईंची पिशवी" म्हणून पोरं चेष्टा करायची. पिशवी माझी नव्हती, ते मी दरवर्षी सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात ती आली. मधे बरीच वर्षं गेली. नर्स झाली, सुरतेतच नोकरी केली, मग जळगावात लग्न झालं आणि तिथल्या दवाखान्यात लागली. बरोबर आई होती, आणि आईच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली नात. बाळंतपणाला माहेरी आली होती. पेढे दिले आणि तिने पर्समधून प्लास्टिकची फाईल काढली. आत एकच कागद होता, मुलीचा जन्मदाखला. जन्मस्थळ, सुरत.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अगं, तू तर उलटं करून ठेवलंस. राहणार जळगावची आणि जन्म सुरतचा. अठरा वर्षांनी हिलाही तिकडे कुणीतरी विचारणार."

"विचारू देत. म्हणून तर फाईल आत्तापासून," ती म्हणाली. एवढी किरकोळ पोर, आता ठामपणे बोलत होती.

मी बाळाला मांडीवर घेतलं आणि सवयीने विचारून गेले, "नाव अजून ठेवायचंय, ठीक. गाव कोणतं सांगायचं हिने?"

ती हसली. "गाव जळगाव, बाई. आजोळ उधना."

इतकी वर्षं आम्हा सगळ्यांची आजोळं गाडीत बसून जायच्या लांबच्या गावांत होती. सुट्टी लागली की पोरं इथून तिकडे पळायची. आता हे पोर सुट्टी लागली की तिकडून इथे येणार, या गल्ल्यांत खेळणार आणि परत जाताना रडणार. उधना हे काय गाव आहे का, असं मी पोरांना हसून विचारायचे. मला रडू आवरेना. तिच्या आईने बाळ माझ्या मांडीवरून अलगद उचललं, आणि लेकीने जन्मदाखला फाईलमध्ये परत ठेवला.