आठव्या दिवसाचं पाणी

आमच्या हर्सूलच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. समोरची बाई कंपनीतल्या कामगारांचे डबे करते. पाण्याच्या बाबतीत तिच्याइतकी चिकट बाई मी पाहिली नाय. तांदळाच्या धुवणात भांडी विसळणार. मी अंगणात सडा टाकला की ओरडणार, "काकू, घरात धरण बांधलं का काय?"

परवा तिच्या शेजारच्या घरात मयत झाली. नळाला अजून चार दिवस होते, टँकरवाला उद्या म्हणाला. स्मशानातून पंचवीस माणसं अंघोळीला परतणार, अन् त्या घरची टाकी कोरडी ठणठणीत. घागरीनं वाहून आपले दोन्ही ड्रम समोरच्या बाईनं तिकडं रिकामे केले, अन् डब्याच्या गिऱ्हाइकांना फोन लावले, "चार दिवस सैपाक बंद, दुसरीकडं जेवा."

मी बघतच राहिले. म्हटलं, "अगं, आपल्याच पोटावर पाय दिलास की! एक ड्रम तरी ठेवायचा."

"काकू, जिचा नवरा गेला तिनं आज बादली घेऊन दारोदार फिरायचं व्हय?"

माझ्या घरी दोन ड्रम काठोकाठ भरलेले होते. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.