पाचव्या दिवसाची सही

अंबरनाथच्या एका प्रसूतिगृहाने माझ्या मुलीला फसवलं. बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी सिस्टर घरी जाऊन बाळाला तपासून आली, असं त्यांनी तिच्या फाइलमध्ये लिहिलं आणि खाली सही केली. त्या दिवशी आमच्या घरी कोणीही आलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण गेली तीन वर्षं ही गोष्ट ज्याला सांगायला जावं तो मधेच थांबवून विचारतो, "पण तुम्हीच बाळाला घेऊन का नाही गेलात?" त्याचंही उत्तर देणार आहे. पण माझ्या क्रमाने.

उल्हासनगरला माझा गाऊन शिवायचा छोटा कारखाना आहे. सुरुवात केली तेव्हा एकच मशीन होतं, तेही नणंदेचं. गाठोडं खांद्यावर टाकून मी बदलापुरात इमारतींचे जिने चढून गाऊन विकलेत. आता सहा मशिनी आहेत आणि त्यांच्यावर बसणाऱ्या सहाही बायका मला घाबरतात. कापड घ्यायला गेले की तागा उचलून मी दुकानाबाहेर उन्हात नेते. ट्यूबलाइटखाली कापडाचा रंग कधी खरा दिसत नाही. एक म्हातारे सिंधी शेटजी तर मला लांबून बघितलं की नोकराला ओरडायचे, "अरे, दीदी आयी है, सूरज को बोल जरा नजदीक आ जाए."

मी म्हणायचे, "सूरज को रहने दो, शेटजी. भाव नजदीक लाओ."

तर रंग उन्हात बघणारी ती बाई मीच.

मुलगी एकुलती. सातव्या महिन्यात तिला बदलापुरात कात्रपला माझ्याकडे आणलं आणि नाव नोंदवायला अंबरनाथला घेऊन गेले. प्रसूतिगृहाच्या मालक डॉक्टरांनी दरपत्रक पुढे केलं. मी कमी करायला सांगितलं.

"ताई, हे भाजी मार्केट नाही."

"भाजी मार्केटात निदान माल हातात घेऊन बघू देतात," मी म्हटलं.

ते हसले, पण दर हलेना. मग मी दुसऱ्या बाजूने गेले. आधी घरी सोडलं तरी बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी बाळाला दाखवायला आणायचं, असं त्या कागदावर छापलेलं होतं. ओल्या बाळंतिणीला रिक्षात घालून कात्रपहून एवढे खड्डे खात आणायचं? ते जमणार नाही, म्हटलं. दर तुमचा राहू दे, पण पाचव्या दिवशी तुमची सिस्टर आमच्या घरी पाठवा. डॉक्टरांनी दारात उभ्या असलेल्या सिस्टरकडे पाहिलं, क्षणभर पेन बोटात फिरवलं आणि म्हणाले, "ठीक आहे, पाठवू." 'बाळ दाखवणे' ही ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. वर लिहिलं, 'सिस्टर घरी भेट'.

लढाई जिंकल्यासारखी मी जिना उतरले. रिक्षात मुलगी म्हणाली, "आई, त्या सिस्टरचं तोंड बघितलंस? त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही."

"विचारायचं काय त्यात? नोकरी आहे तिची."

बाळंतपण सरळ झालं. मुलगा झाला. रडला तो सगळा मजला ऐकेल असा. मी म्हटलं, आवाज आजीवर गेलाय.

वॉर्डात तीच सिस्टर होती. पन्नाशीच्या आसपासची, घोटे सुजलेले, बसलेली मी तिला एकदाही पाहिली नाही. दूध उतरायला वेळ लागत होता म्हणून मी पिशवीतून पावडरचा डबा काढला, तर तिने तो माझ्या हातातून घेऊन परत पिशवीत घातला. "ताई, हा घरी चहात घाला. हिचा चीक येतोय, तेवढा पुरे आहे त्याला." मुलीच्या कोपराखाली तिने उशी सारली, बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला शिकवलं, नुसतं टोक तोंडात देऊ नको म्हणाली. मुलीचं पोट दाबून बघायची, अंगावरून किती जातंय ते पॅड बघून विचारायची. सगळ्यांसमोर मोठ्याने नाही, कानाशी वाकून. माझी मुलगी माझ्याजवळ रडली नाही, तिच्याजवळ रडली.

सकाळी ती एकेक बाळ उचलून खिडकीशी न्यायची. कपाळावर अंगठा दाबायचा, सोडायचा, बघायचं. मग छातीवर. मग पायावर.

"काय बघता?" मी विचारलं.

"रंग. ट्यूबलाइटखाली कळत नाही. उन्हातच बघावा लागतो."

ही बाई मला तिथल्या तिथे आवडली. ती पुढे म्हणाली, "कावीळ कपाळावरून खाली उतरते. पिवळेपणा पायापर्यंत आला, बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, की एक तासही थांबायचं नाही." मी मान हलवली. दुकानदार कापडाचं कौतुक करत असतो तेव्हा हलवते, तशी.

दोन दिवसांनी घरी आलो. आमच्या घरात पाचवी, सटवाई सगळं माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच बंद झालं. बाळंतिणीची अंधारी खोली मात्र बंद झाली नाही. तिला कोणी देव मानत नव्हतं, म्हणून ती राहून गेली. खिडक्या लावल्या. वारा लागू नये म्हणून माझ्याच कारखान्यातलं जाड मरून कापड पडद्याला लावलं. पालेगावहून मालीशवाली मावशी यायची. तेल जिरवायची, शेक द्यायची, मग डाळीचं पीठ, साय आणि हळद लावून बाळाला न्हाऊ घालायची. माझ्या मुलीला मी अशीच वाढवली होती.

चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, हा पिवळा दिसतोय गं."

"हळद आहे ती."

"डोळे पण?"

"बल्ब पिवळा आहे."

"दूध प्यायला उठतच नाही. तळवे चोळले तरी झोपलेलाच."

मावशी म्हणाली, "गुणी लेकरू हाय. माझी पोरं रडून रडून गाव गोळा करायची. तुला काय, गप झोपतंय तर तेबी नको?"

आम्ही हसलो. मी म्हटलं, "उद्या सिस्टर येणारच आहे. तिला बघू दे की." पडदा बाजूला करायला मला चार पावलं टाकायची होती.

पाचव्या दिवशी मी कारखान्यात गेले नाही. पोहे केले, झाकून ठेवले. सिस्टरला द्यायला एक सुती गाऊन काढून ठेवला, शिवणीला एकही धागा लोंबत नसेल असा. दुपारी फोन केला. "येतील, निघाल्या असतील." संध्याकाळी केला. "आता उद्या सकाळी येतील." पोहे आम्हीच खाल्ले.

सहाव्या दिवशी सकाळी पुन्हा केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, कालच भेट झाली ना तुमच्याकडे? फाइलला लिहिलंय. सिस्टरची सही आहे."

माझं डोकं फिरलं. चपला घातल्या आणि मुलीला म्हटलं, "त्या बाईला हाताला धरून आणते."

मुलगी खाटेवरून म्हणाली, "आई, त्यापेक्षा यालाच घेऊन जाऊ या का?"

"का म्हणून? ठरलंय ते ठरलंय. तीच येईल इथे."

तर हे तुमचं उत्तर. मी बाळाला घेऊन गेले नाही, कारण मी सौदा केला होता आणि मला तो पुरा करून घ्यायचा होता.

काउंटरवर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मी फाइल मागितली, दिली नाही, तेव्हा हात घालून ओढून घेतली. निळ्या शाईत लिहिलं होतं: पाचवा दिवस. घरी भेट. बाळाचा रंग सामान्य. दूध व्यवस्थित पितं. खाली सही. मी ते पान बाकांवर बसलेल्या पोटुशा बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात सिस्टर जिना उतरून आली. माझं सगळं ऐकून घेतलं. फक्त विचारलं, "बाळ कुठंय?"

"घरी! तुम्ही घरी येणार होतात ना?"

"दूध ओढतंय?"

"झोपलेलं असतं."

"शेवटचं कधी प्यायलं?"

त्याच वेळी माझा फोन वाजला. मुलगी होती. "आई, याने मान मागे टाकलीय. सगळा मागे वाकतोय. आवाज कसातरीच काढतोय." तिच्या मागून तो आवाज मला ऐकू आला. बारीक, ताणलेला, नवं कापड फाडताना निघतो तसा.

सिस्टरने माझ्या हातातून फोन घेतला. "बाळा, ऐक. इथे आणू नकोस, त्याला आता जे लागेल ते आमच्याकडे नाही. शेजारच्यांना बोलाव, रिक्षा कर आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलला ने. कावीळ आहे, एवढंच ओरडून सांग. आई तिथेच येतेय." मग मला म्हणाली, "पळा, ताई." भिंतीवर घड्याळ होतं. मी त्या काउंटरवर पाऊण तास भांडत होते.

मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकात मुलगी रिक्षातून उतरली. तिने दुपटं सैल केलं आणि उघड्या उन्हात मी माझा नातू पहिल्यांदा पाहिला. कपाळ, छाती, पोट, पावलं. हळदीचा रंग असा नसतो. मला एका नजरेत कळलं.

त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, निळ्या दिव्याखाली ठेवलं, अंगातलं रक्त बदललं. तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "मधल्या दिवसांत बाळाला कोणी तपासलं होतं का?" मी म्हटलं, "कागदावर तपासलंय." त्यांना कळलं नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दोन दिवस आधी आणलं असतं, तर नुसत्या दिव्याखाली ठेवून घरी सोडलं असतं."

बाळ वाचलं. डोक्यात चढलेली कावीळ मात्र जे घेऊन गेली ते परत मिळालं नाही.

दीड महिन्याने एका दुपारी मी त्या प्रसूतिगृहाबाहेर उभी राहिले. सिस्टर ड्युटी संपवून निघाली, मला बघून थांबली. पळाली नाही. मी हात उगारला होता.

"सही माझीच आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी अकरा बाळंतिणी आणि मी एकटी. मी डॉक्टरांना विचारलं, कात्रपला कोणाला पाठवू? ते म्हणाले, आज जमणार नाही, तू रकाना भरून टाक. ती बाई चलाख आहे, काही बिघडलं असतं तर एव्हाना भांडायला आली असती."

माझा हात खाली आला.

"मी न बघता रंग सामान्य लिहिला, ताई. मी. खिडकीशी नेऊन बघणारी." रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या तिने पदराने तोंड झाकलं. तिला द्यायला काढलेला गाऊन अजून माझ्या कपाटात आहे. तो मला तिला देता येत नाही आणि विकताही येत नाही.

डॉक्टरांना भेटले तेव्हा ते म्हणाले, कावीळ किती तरी बाळांना होते. अंधारात का ठेवलंत? हळद का लावलीत? मग आवाज खाली आणून म्हणाले, काहीतरी मार्ग काढू, तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा स्वतःहून आकडा बोलायला निघाला होता आणि मी उठून आले.

नातू आता तीन वर्षांचा आहे. त्याला ऐकू येत नाही. खेळणं घ्यायला हात पुढे करतो तेव्हा हात वाटेत वळतो, बोटं पिळली जातात. भर बाजारात शेटजींचं दुकान हलवणारा माझा आवाज माझ्याच मांडीवर बसलेल्या पोरापर्यंत पोचत नाही. रोज सकाळी मी त्याला गॅलरीत उन्हात घेऊन बसते आणि त्याच्या कपाळावर अंगठा दाबते. आता त्याचा काही उपयोग नाही. त्याला तो खेळ वाटतो, तो हसतो.

मुलगी मला कधीच म्हणाली नाही, "आई, मी सांगितलं होतं." एकदा म्हणाली असती तर मी तिच्याशी भांडले असते. ती त्याला भरवते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

अंधार माझा होता. हळद माझी होती. तो पाऊण तास माझा होता. हे मी माझ्या मुलीसमोर बसून, एकेक करून कबूल केलं आहे.

आता डॉक्टर, तुमचं. मी मागितलं तेव्हा नाही म्हणायचं होतं. मी चिडले असते, तुम्हाला चार शब्द बोलले असते आणि पाचव्या दिवशी बाळ घेऊन आले असते. तुमच्याकडे पाठवायला माणूस नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही ती ओळ स्वतःच्या हाताने खोडलीत. कोणाला पाठवणार होतात त्या दिवशी? मला खाजगीत सांगू नका, वकिलाकडून कळवू नका. कात्रपला या. दिवसाउजेडी या, पडदे आता काढलेत. माझ्या मुलीसमोर बसा, तिच्या मांडीवरच्या मुलाकडे बघा आणि सांगा, कोणाला पाठवणार होतात?