कडेवरच्या पोरासकट

माझ्या मावशीला कोणी समाजसेविका म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "सेवा कसली डोंबलाची! मला राग आला म्हणून शाळा काढली," असं ती तोंडावर सांगते. सत्काराला बोलावणारे मग पुन्हा फिरकत नाहीत, आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नाही.

मावशी शिंपीण. गावातल्या मोठ्या शाळेसमोर तिचं दुकान होतं आणि शाळेचे गणवेश तीच शिवायची. एकदा डोंगरावरच्या आदिवासी वस्तीतली एक मुलगी शाळेच्या फाटकातून आत गेली आणि गेली तशीच परत आली. कडेवर धाकटा भाऊ. "त्याला घरी ठेवून ये म्हणाले," मुलगी म्हणाली. घरी ठेवणार कुणापाशी? आई जंगलात लाकडं तोडायला, बाप दगडाच्या खाणीत. वस्तीतल्या प्रत्येक मुलीच्या कडेवर असं एक पोर असायचंच. ते उतरेपर्यंत दुसरं चढायचं. मावशी गळ्यातली टेप तशीच ठेवून हेडमास्तरांकडे गेली. ते हसून म्हणाले, "बाई, तुम्ही कपडे शिवा. शाळा आम्ही चालवतो."

झालं! खाणीच्या वाटेवर वजनकाट्याची जुनी खोली ओस पडली होती. मावशीने दुकान बंद केलं, शिलाई मशीन तिथे हलवलं आणि शाळा उघडली. "नसती उठाठेव," माझे वडील म्हणाले, "चार दिवसांत थंड होईल." मी नुकतीच बारावी होऊन घरी बसले होते. मावशीने मला विचारलंसुद्धा नाही, सरळ मास्तरीण करून टाकलं.

आणि सुरुवात कशाने केली? गणवेशाने! शिंपिणीला दुसरं काय सुचणार? दुकानात पडलेल्या कापडातून तिने प्रत्येकीच्या मापाचा निळा फ्रॉक शिवला आणि वस्तीत जाऊन वाटला. दुसऱ्या दिवशी शाळेत चिटपाखरू नाही. आम्ही तणतणत वस्तीवर चढलो, तर सगळे फ्रॉक घडी घालून पत्र्याच्या पेट्यांमध्ये. "इतकं चांगलं कापड रोज घालून मळवायचं होय?" एक आई आम्हालाच रागावली. "लग्नाकार्याला होईल." आणि फ्रॉकशिवाय पाठवलं तर बाई चिडतील, म्हणून मुली घरी! मावशी तिथेच दगडावर बसली आणि पोट धरधरून हसली. उरलेल्या कापडाच्या तिने मग झोळ्या शिवल्या.

खोलीच्या तुळईला त्या झोळ्या टांगल्या. प्रत्येक झोळीची दोरी आतल्या पोराच्या ताईच्या पायाच्या अंगठ्याला. हाताने पाटीवर अक्षर, पायाने झोका. एखादी गणितात अडकली की तिचा पाय थांबायचा आणि झोळीतलं पोर भोकाड पसरायचं. कोण अडलंय हे मला विचारावं लागत नसे.

दुपारी आया पोरांना पाजायला यायच्या. मोळ्या दाराशी टेकवायच्या आणि पाजता पाजता फळ्याकडे बघायच्या. त्यातली एक, सगळे तिला थोरली म्हणायचे, एक दिवस म्हणाली, "खाणीच्या वळणावर बोर्ड आहे ना, त्यावर काय लिहिलंय?"

"सुरुंगाचा धोका, इथे थांबू नका," मी सांगितलं.

थोरली म्हणाली, "आम्ही रोज त्याच्याच सावलीला बसतो." दुसऱ्या दिवसापासून बायकाही पाटी घेऊन बसू लागल्या.

शाळेचा बोभाटा झाला आणि तपासणीचे साहेब येणार असं कळलं. त्यांनी परवानगी नाकारली तर खोलीला कुलूप, इतकं सरळ होतं. त्यांच्या कारकुनाने आधीच कानमंत्र दिला, "त्या दिवसापुरत्या झोळ्या आणि बायका दिसू देऊ नका. बाकी मी बघतो." मलाही ते पटलं. एका सकाळचा तर प्रश्न! "शाळाच राहिली नाही तर झोळ्या टांगणार कुठे?" मी मावशीला विनवलं. ती बराच वेळ मशीनचं चाक नुसतंच फिरवत राहिली. तिलाही भीती वाटत होती. तिला तशी मी कधी पाहिलीच नव्हती.

शेवटी म्हणाली, "ज्यांच्यासाठी शाळा काढली त्यांनाच लपवून शाळा वाचवू? मग त्या हेडमास्तरात आणि माझ्यात फरक काय गं?"

साहेब आले त्या दिवशी एकही बाई जंगलात गेली नव्हती. झोळ्यांखालून वाकत वाकत साहेब टेबलापर्यंत पोचले, तोवर एका पोराने त्यांचा चष्मा ओढला होता.

"ही पोरं आणि बायका बाहेर काढा, परवानगी देतो," ते म्हणाले.

"नाही काढणार," मावशी म्हणाली. "तुम्ही खुशाल नकार द्या. पण का, ते लिहा. मुली भावंडांना सांभाळत शिकतात म्हणून, असं स्पष्ट लिहा आणि खाली सही करा."

साहेबांनी उभ्यानेच पेन काढलं आणि ते लिहू लागले. थोरली पोराला कडेवर घेऊन त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली, "जा... गा... अ... पु... री." तिने खोलीभर नजर फिरवली. शेजारणीला म्हणाली, "जरा सरक गं." आणि मग साहेबांना, "जागा आहे की साहेब. बसा ना."

खोलीत हशा पिकला. साहेबांनी लिहिलेलं खोडलं. पुन्हा पेन टेकवलं, थोरली पुन्हा वाकली. दुसरं कारण त्यांना सुचेना आणि खरं कारण लिहायची छाती होईना. कागदाची घडी खिशात घालून ते निघून गेले.

परवानगी आजतागायत आलेली नाही. नकारही आलेला नाही. नवे साहेब बदलून आले की विचारतात, "बाई, शाळा कोणाच्या परवानगीने चालवता?"

मावशी शिवणातून मान वर काढत नाही. "बंद करायची असेल तर कारण लिहून द्या," म्हणते. "वाचायला आम्ही सगळ्या आहोत."