धर्मराजने धरलेले तीन हात

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमची बायको उमा चारचौघांत सांगते. सांगू दे. एक तीळ मी पंचवीस वर्षं भिजत ठेवलाय, हे तिलासुद्धा ठाऊक नाही. ज्याच्यासाठी ठेवला तो धर्मराज न्हावी गेल्या पौषात गेला, तेव्हा आता सांगायला हरकत नाही.

अंबरनाथच्या रेल्वे फाटकाजवळ चिंचेखाली धर्माची बैठक होती. बैठक म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाला बसायला एक पत्र्याचा डबा, समोर उकिडवा बसलेला धर्मा आणि त्याच्या मांडीशी धोकटी. कातड्याची, बापाकडून आलेली, तिच्यात वस्तरे, कात्री आणि नखं काढायची नराणी. धर्मा मूळचा वांगणीकडचा, राहायला बुवापाड्यात. दाढी बेताचीच करायचा. माझ्या हनुवटीवर दोन खुणा आहेत, खोटं वाटत असेल तर दाखवतो. पण नखं काढावीत ती त्यानंच. आणि नखं काढण्याआधी तो जे करायचा, ते बघायला लोक कल्याण कॅम्पापासून यायचे.

तो गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, डोळे मिटायचा, बोटं चाचपायचा आणि धंदा सांगायचा. "शिंपी." "छापखान्यात खिळे जुळवता." "रंगारी, पण सध्या काम नाही." कधी चुकला नाही. माझा हात पहिल्यांदा धरला तेव्हा म्हणाला, "कारकून. आणि लिहिण्यापेक्षा टेबलावर हात आपटणं जास्त." हापिसात हशा पिकला. मला राग आला, पण खोटं नव्हतं.

एकदा कॅम्पातला एक सिंधी कापडवाला आला. धर्मा म्हणाला, "सेठ, हा हात गजाचा नाही, सोनाराचा आहे." तो बापडा फाळणीत तिकडे सिंधमध्ये राहिलेल्या पेढीच्या आठवणीनं तिथंच हमसाहमशी रडायला लागला. त्या दिवसापासून धर्मानं नेम केला, की हाताचा धंदा सांगायचा, हाताचं दुःख सांगायचं नाही. दुसरा नेम त्याचा आधीपासूनचा. "हात कधी खोटं बोलत नाही, पंत. ज्या दिवशी मी चुकेन, त्या दिवशी धोकटी खाली ठेवीन." हे तो मोठ्यानं म्हणायचा. तिथंच घोटाळा झाला.

एक्कावन्न सालच्या एका रविवारी आमच्या कारखान्याच्या थोरल्या साहेबांची मोटार फाटकापाशी बंद पडली. मोटारीत साहेब होते, आणि एक लालबुंद, आडव्या अंगाचा पाहुणा. पाहुण्याला मदतीची हौस. त्यानं बॉनेट उघडायला हात घातला आणि अंगठ्याचं नख मोडून घेतलं. त्यासरशी जो काय ओरडला! मला वाटलं बोट गेलं. साहेब तर पांढरेफटक पडले. मी तिथंच होतो. मी म्हटलं, साहेब, नखाला माणूस आहे. आणि पाहुण्याला डब्यावर आणून बसवलं.

धर्मानं हात धरला. डोळे मिटले. पंजा केवढा, म्हणाल तर सुपाएवढा. बोटांची टोकं घट्ट, करंगळीलासुद्धा ताकद. धर्मा खुलला. "वा! गवळी! स्वतःच्या हातानं दहा म्हशी पिळतो."

साहेब मला म्हणाले, काय म्हणतो? आता काय सांगू? मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि इंग्रजीत सांगून टाकलं. पाहुणा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. साहेब मात्र हसले नाहीत. हा युरोपातला केवढा मोठा पियानो वाजवणारा, मुंबईत याच्या कार्यक्रमाची तिकिटं मिळत नाहीत, असं त्यांनी मला ऐकवलं. मी ते धर्माला ऐकवलं.

"पियानो म्हंजे?"

"कपाटाएवढी बाजाची पेटी."

"आणि भाता कोण मारतं?"

"भाता नसतो त्याला."

"मग वाजते कशी?" धर्मा चिडलाच. "पेटीवाल्यांची नखं मी काढलीत, पंत. त्यांचे हात मऊ असतात. हा म्हशीचाच हात आहे!"

समोरच्या दुकानातून जयदेव हे सगळं ऐकत होता. जयदेव धर्माच्याच हाताखाली शिकलेला, आणि आता धर्माच्याच समोर त्यानं सलून काढलं होतं. कॅम्पातून फिरती खुर्ची आणली होती, भिंतभर आरसा लावला होता. तो कात्री हातात घेऊन रस्त्यावर आला. "काका, चुकलात! ठेवा आता धोकटी!"

मी भांडलो. मी भांडतोच. "ज्यानं आंबा कधी चाखला नाही, त्यानं आंब्याची चव चुकवली म्हणता येतं का रे, गाढवा? आता त्याला हा हात कळला. पुन्हा असा हात येऊ दे, आणि तेव्हा चुकला तर ठेवील धोकटी." धर्मानं मान डोलावली. जयदेवही कबूल झाला. अंबरनाथच्या फाटकाशी असला माणूस दुसऱ्यांदा कशाला मरायला येतोय, असा त्याचा हिशेब.

इथवर मी शहाण्यासारखा वागलो. पण दुसऱ्या दिवशी हापिसात म्हशीची गोष्ट मी सात वेळा सांगितली. मधल्या सुट्टीत खात्याखात्यांत जाऊन सांगितली. आठवड्याभरात पोरंटोरं धर्माला 'म्हैसवाला' म्हणून हाका मारायला लागली. हात वाचून घ्यायला कोण येणार मग? दाढीचं गिऱ्हाईकसुद्धा फिरत्या खुर्चीवर जाऊन गिरक्या घ्यायला लागलं. धर्माच्या घरात चूल एकवेळ पेटायला लागली, हे मला उमानं सांगितलं. वर म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण त्यानं केलं, पण डांगोरा कुणी पिटला?" मी ताटावरून उठलो. उपाशी निजलो. पण तिचं खरं होतं.

त्रेपन्न साली आम्ही दोघं बदलापूर स्टेशनात उभे होतो. पुण्याची गाडी सिग्नलसाठी थांबली होती. फर्स्ट क्लासच्या खिडकीत एक गोरा, टकल्या माणूस डोळे मिटून बसला होता, आणि त्याची दहाही बोटं खिडकीच्या कडेवर नाचत होती. धर्मानं माझा दंड धरला. "पंत! हाच तो धंदा!" आणि मी 'अरे, अरे' म्हणेपर्यंत धावत जाऊन त्यानं त्या माणसाचा हात पकडला. तो किंचाळला. धर्मा म्हणाला, "शाब्बास, हाच!" शिपाई धावला. गाडी सुटली. मी शिपायाला इंग्रजीत झापलं म्हणून आम्ही सुटलो.

चार दिवसांनी इंग्रजी पेपरात त्या टकल्याचा फोटो. पियानोवालाच! मी फोटो घेऊन जयदेवकडे गेलो. तो म्हणाला, "साक्षीदार कोण?" मी म्हटलं, मी. सलूनमधले सगळे हसायला लागले. माझी साक्ष म्हणजे काय, हे मीच अंबरनाथला दहा वर्षं शिकवलं होतं.

आणि मग छप्पन सालचा पौष आला. थोरल्या मडमसाहेबांची मावसबहीण युरोपातून आली. उंच, शेलाटी, फार बोलत नसे. तीही पियानो वाजवणारी, आणि तीही नामांकित. येत्या शनिवारी मुंबईत तिचा कार्यक्रम होता. तोवर विसाव्याला साहेबांच्या बंगल्यावर. मी साहेबांना गाठलं आणि धर्माची सगळी हकिगत सांगितली. साहेबांना गंमत वाटली. त्याआधीच्या रविवारी क्लबच्या हिरवळीवर परीक्षा ठरली.

बांबूला चादर बांधली. चादरीला पाच भोकं, प्रत्येकातून एक हात, आणि त्यातला पियानोचा हात धर्मानं ओळखायचा. मी म्हटलं, अंतरपाट झाला, आता मंगलाष्टकं म्हणायला भटजी तेवढा बोलवा. अर्धं अंबरनाथ कुंपणावर लटकलं होतं. जयदेव म्हणाला, "हरलात तर आत्ताच्या आत्ता धोकटी इथं ठेवायची, काका." धर्मानं धोकटी काढून हिरवळीवर ठेवली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी मनात म्हटलं, अंबरनाथाच्या महादेवा, याची लाज राख. माझी नाही राखलीस तरी चालेल.

पहिला हात. "टाइप करतो." बरोबर.

दुसरा हात. धर्मा हसला. "हा मात्र खराखुरा म्हशीवाला. हरिचंद्र, चिखलोलीचं दूध पातळ झालंय हल्ली." चादरीमागून हरिचंद्र गवळ्यानं शिवी दिली. कुंपण खदखदलं.

तिसऱ्या हाताला तो म्हणाला, "हा न्हावी आहे. माझाच शिकवलेला, आणि नराणी अजून उलटी धरतो." जयदेव गुपचूप मागे जाऊन बसला होता. तो शरमून बाहेर आला, पण बघे खूष झाले.

उरले दोन. दोन्ही गोरे, दोन्ही बायकांचे, दोन्ही मऊ. एक आमच्या मडमसाहेबांचा, एक पाहुणीचा. धर्मानं चौथा हात धरला, सोडला. पाचवा धरला. पुन्हा चौथ्याकडे आला. कपाळावर घाम. पुन्हा पाचवा. आता मात्र फार वेळ. चादरीमागचं कुणीही हलेना. कुणी तरी 'म्हैसवाला' म्हणालं, आणि मला त्याचा गळा धरावासा वाटला.

"हाच," धर्मा म्हणाला.

"कशावरून?" जयदेव ओरडला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? आरसा तुझ्या दुकानात ठेव." धर्मानं आवाज चढवला. "रोज चार तास वाजवणारा हात आहे हा! यात लपतंय काय?"

मी शब्दन् शब्द इंग्रजीत केला, आणि जरा जास्तच ठसक्यात. चादर खाली आली. पाचवा हात पाहुणीचाच होता. टाळ्या, शिट्ट्या, कुणी तरी धर्माला उचलायला धावलं. पण धर्मा तिचा हात सोडेना. धोकटी जवळ ओढून त्यानं नराणी काढली आणि तिथंच, उन्हात बसून, दहाही नखं काढून टाकली. लोकांना वाटलं मानपान चाललाय. ती बाई धर्माकडे बघत होती. तिचे डोळे भरलेले मला दिसले. मला वाटलं, कौतुक झालं म्हणून.

सोमवारपासून चिंचेखाली रांग. आणि धर्मा हात वाचेना! "नखं काढतो, बसा. ते सांगणं बंद केलं." का विचारलं तर पुढच्या गिऱ्हाइकाला डब्यावर बोलवायचा. लोकांना वाटलं, डोक्यात हवा गेली.

शनिवारी सकाळी इंग्रजी पेपर उघडला आणि मी उडालोच. संध्याकाळचा कार्यक्रम रद्द. बाईंनी स्वतः पत्रक काढलं होतं, की दीड वर्ष उजव्या हाताची दोन बोटं चालत नाहीत. आजवर लपवलं, आता वाजवणार नाही. मी तसाच पेपर घेऊन फाटकाशी धावलो.

"चार तास?" मी डब्यावर बसत विचारलं. "रोज चार तास वाजवते म्हणालास? दीड वर्ष बोटं चालत नाहीत तिची!"

"हळू बोला, पंत." धर्मानं समोरच्या सलूनकडे पाहिलं. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"वाजवणाऱ्याचं नख वाढत नाही. पहिल्या साहेबाचं एवढंसं मोडलं तर कसा ओरडला होता. बाईंची नखं महिन्याभराची होती. बोटांची टोकं मऊ. करंगळी आणि शेजारचं बोट मेलेलं."

"मग ओळखलंस कसं?"

"चौथा हात मजेत होता. पाचवा मला भ्यायला होता. मी सांगून टाकीन म्हणून थरथरत होता." त्यानं नराणी पुसली. "घरच्यांनाबी माहीत नसणार, पंत. मग सांगितलं चार तास. नखं कुणाच्या नजरेत यायच्या आत काढली."

मी म्हटलं, "पण अरे, तू जिंकलास ना! मग हात वाचणं का सोडलंस?"

"हात बरोबर धरला. सांगितला खोटा. शब्द दिला होता मी. धोकटी ठेवली तर पोरं काय खातील? म्हणून हात वाचणं खाली ठेवलं." सात वेळा सांगितलेली ती म्हशीची गोष्ट मला त्या क्षणी नको नको झाली.

एवढ्यात जयदेव दारात आला. हातात वस्तरा, खुर्चीत गिऱ्हाईक तसंच फेस लावलेलं. "पंत, सकाळी सकाळी धावत आलात ते? पेपरात काय आलंय एवढं?"

मी शनिवारी नखं काढत नाही. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी काढली नाहीत. पण जयदेवला इंग्रजी वाचता येत नव्हतं; मी पेपर पसरला, ती बातमी वर येईल असा डब्यापुढे अंथरला, आणि दोन्ही हात धर्मापुढे केले.

"काही नाही रे," मी म्हणालो. "बाजारभाव."

धर्मानं एकेक करून दहाही नखं त्या बातमीवर पाडली. मग कागदाची पुडी केली आणि चिंचेच्या बुंध्याशी, जिथं कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी, पुरून टाकली.