ब्रेकच्या पट्टीतली भोकं

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगायला बसले खरी, पण एवढ्यात दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते बघून आले. बंदच होता. मग बसावं की स्वस्थ! पण स्वस्थ बसायचं कसं?

आधी गाडीचं सांगते, ते सोपं आहे. आमची लाल टू-सीटर. इंग्लंडातल्या एका लहानशा कारखान्यात अशा मोजक्याच बनल्या — लाकडी सांगाड्यावर हाताने ठोकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि इंजिन अगदीच बेताचं. म्हणून कारखान्याला वेड एकच, वजन कमी करा. शर्यतीवाले तर पेडल, हँडब्रेक, पट्ट्या, जिथे लोखंड दिसेल तिथे ड्रिलने भोकं पाडायचे. ही गाडी जहाजातून इकडे खिदिरपूरच्या धक्क्यावर उतरली आणि शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर तिने थोराड गाड्यांना धूळ चारली. शेवटी बजबजच्या एका ज्यूट मिलच्या शेडमध्ये गंजत पडली. बाबा तिथे इंजिनिअर होते. त्यांनी ती घरी आणली.

बघा, कशी पोपटासारखी बोलते मी! व्हिंटेज रॅलीत लोक हा इतिहास मलाच विचारतात. पुढचं मात्र कुणी विचारलं की मला पाणी प्यावंसं वाटतं.

शिरीषदादा, माझा थोरला भाऊ, आणि मी — दोघांनी मिळून ती पुन्हा चालती केली. दादा चालवायचा काय सुरेख! मी मेकॅनिकल शिकत होते, पण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या लेखी गाडीवर फडकं मारणारी धाकटी बहीण. राग यायचा मला. यायचाच, खोटं कशाला बोलू? जुन्या फोटोत ब्रेकच्या दांड्याला जोडलेल्या पट्टीची पार जाळी केलेली दिसत होती. आपणही पाडू भोकं, मी म्हटलं.

"शमे, ती पट्टी भक्कम पोलादाची होती. आपण बनवून घेतलीय ती साधी आहे," दादा म्हणाला. "ब्रेकला हात लावायचा नाही."

मी लावला. तो सियालदह स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेला होता, तेवढ्यात. गाडी जिंकली की सांगणार होते सगळ्यांना — कुणामुळे ते.

त्याच धावपट्टीवर वेगाची चाचणी होती. वळण आलं आणि गाडी थांबलीच नाही, सरळ खड्ड्यात गेली. दादाच्या गुडघ्याचा चुरा झाला. सगळे त्याच्याकडे धावले. आणि मी? मी गाडीखाली शिरले. पट्टी भोकातूनच तुटली होती. ती काढून ओढणीत गुंडाळली. दुसऱ्या दिवशी दादाचं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा मी घरी ओढून आणलेल्या गाडीला नवी, बिनभोकांची पट्टी बसवत होते. मेकॅनिकने नंतर येऊन बघितलं आणि ब्रेक ठीक आहेत म्हणून सांगितलं.

दादा सांगत राहिला, "पेडल पोकळ गेलं. मी दाबलं होतं, बाबा."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा म्हणाले.

त्यानंतर घरात कुणी उतावळेपणा केला की 'शिरीषचा ब्रेक' म्हणायची पद्धतच पडली. मीही म्हटलंय. हसलेय सुद्धा — त्याच्यासमोर. दादा पुन्हा कधी स्टिअरिंगवर बसला नाही. बाबा गेले, ते आपला मुलगा बेफिकीर होता असंच समजून गेले. तोंड उघडायला मला काय झालं होतं? काहीही झालं नव्हतं.

गेल्या रविवारी दादाची नात गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. तिचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं बांगला; 'का'ला 'केनो' म्हणते. "आजोबा, तुम्ही केनो चालवत नाही?"

"अगं, एकदा मी ब्रेक उशिरा दाबला," दादा म्हणाला. "गाडी बिचारी चांगली होती."

असं तो पूर्वी कधी म्हणायचा नाही. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून त्याचा स्वतःच्या पायावरचा भरवसाच उडालाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो माझ्याकडे वळला, हसून म्हणाला, "हो की नाही गं, शमे?"

मी "हो" म्हणाले.

भोकं मी पाडली होती. ब्रेक त्याने वेळेवर दाबला होता.